जिवंत असेपर्यंत, दरमहा

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. ताईने जे सांगितलं आणि पुढे जे मी माझ्या कानांनी ऐकलं, तेवढंच इथे लिहितेय. पदरचं काही घातलेलं नाही. घालायची गरजच पडली नाही.

या गोष्टीत रात्र नाही, ओसाड जागा नाही. भर दुपार होती. कामाचा दिवस होता. आणि माणसांनी गजबजलेली एक जुनी इमारत... खाली औषधांचं दुकान, वर वकील, दाताचे डॉक्टर, टायपिंगचे क्लास.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ती विमा कंपनीत होती. कुणाला कामावर इजा झाली की कंपनी तिला पाठवायची. जागा बघायची, चार माणसांशी बोलायचं आणि त्या कामगाराला किती भरपाई बसते त्याचा हिशोब मांडायचा. अंगठा गेला तर इतके टक्के, करंगळी गेली तर त्याहून कमी. जेवताना ती हा विषय काढायला लागली की आई भांडं आपटायची.

त्या इमारतीत एका लिफ्टवाल्याला अपघात झाला होता. लिफ्टवाला म्हणजे दुरुस्ती करणारा. तो केबिनच्या टपावर उभा राहून काम करत होता. खाली कुणीतरी न विचारता मेन स्विच चालू केला. केबिन वर गेली आणि तो वरच्या बीममध्ये चेपला.

जीव गेला नाही. पण पाठीचा कणा मोडला. हॉस्पिटलात बेशुद्ध पडून होता. घरी बायको आणि एक शाळकरी मुलगी.

ताई जागा बघायला गेली तेव्हा वॉचमन म्हणाला, "मॅडम, जिन्याने जा."

"लिफ्ट बंद आहे का?"

"चालू आहे. नवीन माणसाने येऊन तपासून पण दिली."

"मग?"

"मग काही नाही. आम्ही आपले जिन्याने जातो."

ताईचे गुडघे दुखायचे. शिवाय लिफ्ट बघायलाच तर ती आली होती. ती आत शिरली आणि सगळ्यात वरचं बटण दाबलं.

दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली.

धक्का नाही, आवाज नाही. नुसती थांबली. पंखा बंद पडला. दिवा गेला. छताजवळचा एक छोटा पिवळा दिवा तेवढा लागला.

ताईने घंटीचं बटण दाबलं. घंटी वाजलीच नाही. मोबाइलला रेंज नव्हती. दाराच्या जाळीतून समोर फक्त सिमेंटची भिंत दिसत होती. इतकी जवळ, की बोट बाहेर काढलं असतं तर लागली असती.

तिने हाका मारल्या. आधी हळू. मग मोठ्याने.

काहीच नाही. इतक्या गजबजलेल्या इमारतीत टायपिंगची टकटक नाही, जिन्यावर पावलं नाहीत. जणू कुणी कानांत कापूस कोंबला होता.

हवा जड व्हायला लागली. ताई मला म्हणाली, "मला वाटलं, भिंती जरा आत सरकल्यात. सरकल्या नव्हत्या गं. पण मी हाताने चाचपून बघितलं."

आणि मग...

डोक्यावर पावलं वाजली.

टपावर कुणीतरी चालत होतं. बुटांचा आवाज. मग गुडघे टेकल्यासारखा. मग अगदी वरून, छताच्या फटीतून, माणसाचा शांत आवाज आला.

"कसंय मॅडम, घाबरायचं नाही. दाराला हात लावायचा नाही. मी आहे."

ताईच्या जिवात जीव आला. तिला वाटलं, दुरुस्तीवाला आला.

"किती वेळ लागेल हो?"

"बघतो ना. विमावाल्या ना तुम्ही?"

"हो."

"मग हे काम होईपर्यंत एक विचारू?"

ताई म्हणते, त्या वेळी त्याने काहीही विचारलं असतं तरी मी बोलत बसले असते. माणसाचा आवाज बंद होऊ नये एवढंच वाटत होतं.

"कसंय मॅडम, तो आमचा माणूस पडलाय ना, त्याचा हिशोब कसा लावणार तुम्ही?"

ताईने सांगितलं. आधी पगार बघायचा. नुसता शेवटच्या महिन्याचा नाही, मागच्या काही महिन्यांची सरासरी.

"ओव्हरटाइम धरता?"

"नेहमीचा असेल तर धरतो. कधीमधी केलेला नाही."

"नेहमीचा होता," वरचा म्हणाला. "मुलीच्या शाळेसाठी करायचा."

मग ताईने टक्के सांगितले. हात, पाय, डोळा. तो मध्येमध्ये हुंकार देत होता.

"आणि पाठीचा कणा?"

"तिथे टक्क्यांचा प्रश्न येत नाही. माणूस परत कामच करू शकणार नसेल तर ते पूर्ण अपंगत्व. मग पगाराचा मोठा हिस्सा मिळतो. जिवंत असेपर्यंत, दरमहा."

"जिवंत असेपर्यंत."

"हो."

"आणि गेला तर?"

ताई जरा थांबली. पण हिशोब तिच्या डोक्यात तयार होता आणि समोर... म्हणजे वर... त्याच्याच कामातला माणूस होता.

"गेला तर बायकोला एकदाच रक्कम मिळते. नोकरी किती वर्षांची होती त्यावरून ती ठरते. हा इथे नवा लागलेला, त्यामुळे फार नाही भरत. वर्ष दीड वर्ष घर चालेल."



"अर्धवट असेल तर? ना इकडे, ना तिकडे?"

ताईला हसू आलं. "तसा रकाना नाही आमच्याकडे."

तोही हसला. कोरडं, खोकल्यासारखं. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला...

"मग राहायलाच पाहिजे."

पावलं उठली. कुठेतरी लोखंडावर लोखंड घासलं. केबिन हलली, सावकाश वर गेली, मजल्याला लागली आणि दार उघडलं.

बाहेर वॉचमन होता, इमारतीचा मॅनेजर होता आणि हातात पाना घेतलेला एक तरुण दुरुस्तीवाला होता. तिघेही घामाघूम होते.

"मॅडम, तुम्ही वर कशा आलात?" मॅनेजरने विचारलं.

"म्हणजे? तुमच्या माणसाने आणलं. टपावर होता तो."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग तो तरुण म्हणाला, "मॅडम, अख्ख्या इमारतीची लाइट गेलीय. मी आत्ता आलो. टपावर जायचं तर किल्ली लागते आणि किल्ली माझ्या खिशात आहे."

त्याने बॅटरी मारून टपावर बघितलं. तारा, ग्रीस, धूळ. धुळीत ताजं एकही पाऊल नव्हतं.

ताई जिन्याने खाली आली.

त्याच संध्याकाळी तिला लिफ्टवाल्याच्या बायकोचा जबाब घ्यायला हॉस्पिटलात जायचं होतं. गेली. बाई बाकावर बसली होती. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं.

"दुपारी गेले होते हो ते," ती म्हणाली. "डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं मला, गेले म्हणून. नळ्या काढायला घेतल्या. आणि मग परत आले. डॉक्टरच चक्रावलेत."

"दुपारी कधी?" ताईने विचारलं.

ताई लिफ्टमध्ये होती तीच वेळ.

ताईने जबाब लिहायला घेतला. नवऱ्याचा स्वभाव कसा होता, काम सावधपणे करायचे का, असे नेहमीचे प्रश्न. बाई म्हणाली, "फार शांत. कसंय, कसंय करत बोलायचे. प्रत्येक वाक्यात कसंय. मुलगी चिडवायची त्यांना."

ताईने पेन खाली ठेवलं.

तो माणूस मेलेला नव्हता, हे लक्षात घ्या. भूत म्हणायचं तर कुणाचं म्हणायचं? तो आत कॉटवर होता, श्वास घेत होता.

ताईने क्लेम मंजूर करून दिला. पूर्ण अपंगत्व. दरमहा.

डॉक्टर म्हणाले होते, फार तर काही आठवडे. त्याला घरी नेलं. आठवड्यांचे महिने झाले, महिन्यांची वर्षं झाली. मधल्या काळात इमारतीला बाहेरून काचेची नवी लिफ्ट बसली. जुनी मोडून नेली आणि ती ज्यातून वरखाली जायची त्या डक्टच्या तोंडाला प्रत्येक मजल्यावर विटा लावून गिलावा केला. लिफ्टवाल्याची मुलगी शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन दूर गेली. आणि तो तसाच. डोळे उघडे, छताकडे. बोलणं नाही, ओळख नाही. दोनदा न्यूमोनिया झाला, एकदा रक्तात विष पसरलं. प्रत्येक वेळी डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावून घ्यायला सांगितलं.

प्रत्येक वेळी तो राहिला.

गेल्या वर्षी त्याच्या बायकोचा ताईला फोन आला. ताई तेव्हा निवृत्त झाली होती.

"मॅडम, ते पैसे बंद करता येतील का?"

ताईला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"नको झालेत मला," बाई म्हणाल्या. "ते पैशांसाठी अडकलेत. हसू नका मला. मी त्यांची कूस बदलायला गेले की अंग नुसतं ताठ असतं, जणू कशाला तरी घट्ट धरून ठेवलंय. सोडवा त्यांना."

ताई हसली नाही. तिने जुन्या ऑफिसात चौकशी केली. ते म्हणाले, पेन्शन बंद करायला एकच कारण चालतं. मृत्यूचा दाखला.

मग ताई मला घेऊन त्या बाईंकडे गेली. खोली स्वच्छ होती. तो कॉटवर होता. ताई त्याच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "तुमची मुलगी मार्गी लागली. आता पैसे नकोत. तुम्ही मोकळे झालात."

काही नाही. पापणीसुद्धा हलली नाही.

बाहेर पडल्यावर ताई फुटपाथवरच थांबली. "तिथे नाहीयेत ते," ती म्हणाली. "तिथे नुसतं शरीर आहे. मी त्यांच्याशी बोलले कुठे होते?"

आम्ही त्या इमारतीत गेलो. बसमध्ये ताईने मला एक गोष्ट सांगितली, ती आधीच सांगून ठेवते. अपघातानंतर इतक्या वर्षांनी माणूस गेला तर तो अपघाताने गेला असं धरत नाहीत. म्हणजे तो आता गेला तर बाईंना एक पैसाही मिळणार नव्हता. बाईंना हे माहीत होतं. त्यांनी तरीही फोन केला होता.

जिन्याने आम्ही मधल्या मजल्यावर गेलो. बंद केलेल्या डक्टसमोर आता कुणीतरी फुलझाडाची कुंडी ठेवली होती. ती बाजूला सरकवून ताईने भिंतीवर टकटक केलं.

मला लाज वाटत होती. येणारेजाणारे बघत होते. बाजूच्या क्लासमधून मुलं बाहेर पडत होती.

"मी विमावाली," ताई भिंतीला म्हणाली. "तुमच्या बायकोने निरोप दिलाय. पुरे म्हणतायत त्या. या आता."

आणि मुलांचा आवाज थांबला.

मुलं समोरच होती. जिना उतरत होती, तोंडं हलत होती. पण आवाज... आवाज नव्हता. मला माझा श्वास तेवढा ऐकू येत होता.

भिंतीच्या आत पावलं वाजली. वरून खाली येणारी. सावकाश, लोखंडी शिडीवरून उतरावं तशी. ती आमच्या समोर येऊन थांबली.

मधे एका विटेचं अंतर.

"मी गेलो तर तिला किती मिळतील?"

आवाज थकलेला होता. रागाचा नव्हता. रांगेत उभा राहून राहून खिडकीशी पोचलेल्या माणसाचा असतो, तसा.

ताईने तोंड उघडलं आणि मिटलं. मी तिच्याकडे बघत राहिले. खरं सांगितलं तर तो तिथेच राहणार. आणि खोटा हिशोब तिने जन्मात कुणाला सांगितला नव्हता. 

मग मीच पुढे झाले. काय वाटलं कुणास ठाऊक.

"भरपूर मिळतील, दादा," मी म्हणाले. "काळजी नका करू. खूप मिळतील."



मग त्याने विचारलं, "आकडा सांगा."

माझ्याकडे आकडा नव्हता.

मी ताईकडे बघितलं. ती रडत होती. मी परत भिंतीकडे वळले. काहीतरी बोलायचं होतं, कुठलाही आकडा चालला असता, पण त्या क्षणी मला एकही आठवेना.

"बरं," तो म्हणाला.

पावलं वर जायला लागली. लहान लहान होत गेली. आणि एकदम मुलांचा गलका कानांवर आदळला.

त्याला आता वर्ष होत आलं. तो अजून आहे. बाईंचे हात आता कापतात, तरी कूस त्याच बदलतात. पैसे दर महिन्याला येतात. ताई त्या रस्त्याने जातसुद्धा नाही.

मी मात्र एकदा एकटीच जाऊन आले. त्या मजल्यापर्यंत. मनाशी एक आकडा ठरवून नेला होता... फार मोठा नाही, फार लहान नाही, खरा वाटेल असा. भिंतीवर टकटक करायला हात उचलला आणि तसाच राहिला.

त्याला तो आकडा पटला असता तर? त्याने धरलेलं सोडलं असतं तर?

माझ्या खोटं बोलण्याने एक माणूस गेला असता. आणि मी गप्प राहिले म्हणून तो आत आहे.

मी हात खाली घेतला. कुंडी जागेवर सरकवली. जिना उतरताना माझ्या मागे, भिंतीच्या आतून, कुणीतरी पायरी पायरीने माझ्याबरोबर खाली येत होतं. तळमजल्याला मी थांबले.

तोही थांबला.

वाट बघत होता.