कुशाबाच्या छत्रीआडून

त्या सकाळी येसू महाडच्या बाजारात आली ती वाल विकायला नव्हे, चक्क चोरी करायला!

झालं होतं असं – रस्त्याकडेला छत्र्या दुरुस्त करणारा कुशाबा वारला. तेरावं उरकल्यावर शेजारीच सायकलचं दुकान असलेल्या पुतण्यानं, सहदेवानं, त्याची ट्रंक उघडली, तर आत फोटोच फोटो! छत्रीचं भोक बघायचं निमित्त करून म्हातारा आडून कॅमेऱ्यात बाजार टिपायचा, गुपचूप मुंबईहून धुऊन आणायचा... आणि कुणाला पत्ता नाही! ज्याचा त्यानं न्यावा म्हणून सहदेवानं ते दोरीवर टांगले. जन्मात फोटो न काढलेली माणसं स्वतःला शोधत होती. राहीबाईला तर वारलेला नवरा सापडला. तिथंच मटकन बसली बिचारी.

येसूला मात्र आपला फोटो कुणी बघायच्या आत पळवायचा होता. काल मैत्रीण कुजबुजली होती, "तुजा पन हाय गो! आन् सहदेवाकडं काय बघतेस त्यात..." आणि आज येसूचा बापूस मुंबईच्या स्थळाला होकार द्यायला निघाला होता. तो एस.टी.ची वाट बघत थांबला, तेवढ्यात ही इकडं सटकली.

दोरीखालून दोन फेऱ्या झाल्या. फोटो नाही.

"काय शोधतेस गो?" मागून सहदेव.

"काय नाय... उगीच."

"तो माज्या खिशात हाय. लोकांनी बघू नये म्हनून काढला."

येसू लालेलाल. "द्या इकडं! त्यात मी कोंबड्या बघत होते."

"माज्या सायकलच्या दुकानात... कोंबड्या?"

तिला रडूच फुटलं. "हसा! तिकडं माजं लगीन ठरतंय..."

सहदेवाचं हसू मावळलं. त्यानं खिशातून दोन फोटो काढले. एकात वाल मापता मापता येसू त्याच्याकडं बघतेय, आणि हा बाबा चाकात हवा भरतोय. दुसऱ्यात येसू गिऱ्हाइकाशी भांडतेय, आणि सहदेव... हातात पंप, चाक भलतीकडं, डोळे तिच्यावर.

"काकाला कळलं," तो हळूच म्हणाला, "आपल्यालाच नाय..."

येसूनं मान वर केली. दोघांची नजर पहिल्यांदाच भिडली, आणि नेमका तेव्हाच टिपायला कुशाबा नव्हता!

"दोन्ही द्या," तिनं डोळे पुसले.

"फाडतेस?"

"बापसाला दाखवते. तोंडानं सांगायला मला नाय जमायचं."

"मी येऊ?"

"मग काय, मी एकटीच जाऊ? चला... गाडी सुटंल!"