सोळा नंबरचे वाटाणे

टेबलाखाली डोकं घालून हा पोरगा काय शोधतोय, ते सेजलला गल्ल्यावरनं कळेना.

पोलादपूरच्या नाक्यावर, महाबळेश्वरचा फाटा फुटतो तिथं तिच्या आत्याची, कमळाबाईची खानावळ. तिथलीच ही गोष्ट.

"काय हरवलं?" सेजलनं विचारलं.

"टेबलाचा नंबर."

"इथं नंबर नाय रे. ते ड्रायव्हर लोकांचं टेबल, ते शाळामास्तरांचं. आणि तू बसलायस ते... जावयांचं."

पोराच्या कानाच्या पाळ्या टोमॅटो झाल्या.

हा वरंधचा स्वराज. इंग्लंडात एका बड्या पब कंपनीच्या किचनला होता, सुट्टीवर आलेला. कंपनीचे शेकडो पब. फोनवर पब निवडायचा, टेबलाचा नंबर टाकून पैसे भरले की ताट समोर. लांबनं दुसऱ्यानं पाठवलं तरी चालतं. लोक मस्करीत अनोळखी टेबलावर वाटीभर उकडलेले वाटाणे धाडतात. हे ऐकून सेजल इतकी हसली, की हातातली चिल्लर सांडली.

मग काय... सुट्टीभर जावयांच्या टेबलावर न मागवलेलं येऊ लागलं. कधी सोलकढी, कधी गरम घावन. कोणी पाठवलं म्हणून विचारलं, की सेजल छताकडं बघायची. आणि कमळाबाई? तिला सगळं दिसायचं, म्हणून तर ती पाठ फिरवून बसायची.

पण बेटा काही न बोलताच विमानात बसला. मग तिकडनं मेसेज : 'कंपनी मॅनेजर करतेय. सही केली की तीन वर्षं इकडंच. तू हो म्हणालीस तर परत येतो, महाडला हॉटेल टाकतो. बोलायला लाजत असशील तर सोमवारी दुपारी मी सोळा नंबरला बसतो. वाटाणे पाठव. नाय आले तर समजेन.'

सोमवारी सेजलनं देवाला हात जोडून वाटाणे धाडले. मग वाट बघितली... शेवटी तिनंच फोन लावला.

"गोड होते का रे?"

"काय गोड?" त्याचा आवाज पार बसलेला. "काय आलंच नाय. सही करायला चाललोय."

"अरे, पाठवले मी! स्टेशनजवळच्या पबात."

"मी नदीकडच्या पबात हाय गो. एका गावात दोन हायत."

"मला काय ठाऊक? आमच्याकडं बरं हॉटेल स्टँडजवळच असतं."

तिकडनं हसू फुटलं.

"म्हणजे तुझा होकार तिकडं कोण म्हातारा खाऊन बसला."

"दुसरे पाठवू?"

"नको. आता तोंडानं सांग."

ड्रायव्हर लोकांच्या माना गल्ल्याकडं वळल्या. कमळाबाई पाठमोरी, पण कान इकडंच. सेजलनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"ये ना रे घरी," ती हळूच म्हणाली. "जावयांच्या टेबलावर मी दुसऱ्या कुणाला बसू देत नाय."

ड्रायव्हरांच्या टेबलावरनं सदूकाका खाकरला. "गो सेजल, जावई ठरला... आता आमची भाकरी आण."