हळदीच्या गाण्यातली मुकी ओळ

ठाणे पूर्वेच्या कोळीवाड्यात मी गेलो तो एक गाणं टिपायला. दुसरं काही मनात नव्हतं. आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांची मला आवड नाही. माझा धंदा आवाजाचा. डोंबिवलीत एका खोलीचा स्टुडिओ आहे. भिंतींना फोम, दाराला जुनी रजई, आणि वरच्या मजल्यावर एक गृहस्थ, जे मी माइक लावला की नेमका खलबत्ता बाहेर काढतात. अशा माणसाला भुतांचं काय पडलंय? मला चीड येते ती फक्त नको त्या आवाजाची.

मेघालीचं काम मात्र मी हौसेने करायचो. ती कुठल्या कंपनीची नाही. स्वतः गाणी लिहिते, स्वतः चाल लावते, आणि मधूनमधून सगळ्यांच्या ओठांवर असलेली जुनी गाणी आपल्या पद्धतीने गाते. पेटी, तबला, व्हायोलिनं सगळं बाजूला. एक गिटार आणि तिचा आवाज, तोही अगदी सावकाश. अर्धे लोक म्हणतात सोन्यासारख्या गाण्याची माती केली, अर्धे ऐकून रडतात. मला विचाराल तर तिचं कसब वेगळंच होतं. गाण्यात एक जागा अशी असते, की आपण सगळे ती गुणगुणत पुढे निघून जातो, ऐकत नाही. मेघालीला ती बरोबर सापडायची आणि ती तिथेच जाऊन उभी राहायची.

या वेळी तिला घरचं गाणं घ्यायचं होतं. हळदीच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरात बायका म्हणतात ते. त्या गाण्याने घरच्या गेलेल्या माणसांना लग्नाचं आवतण देतात, एकेकाचं नाव घेऊन. हळद झाली की शेवटचं कडवं म्हणून त्यांची बोळवण करतात, म्हणजे मानाने परत पाठवतात. सबंध कोळीवाडा हे गाणं ओळखतो. नावं मात्र ज्याच्या त्याच्या घरची.

“काकीचा आवाज पाहिजे मागे,” मेघाली म्हणाली. “आणि ती काही खाडी ओलांडून डोंबिवलीला येणार नाही. तूच ये.”

गेलो. दुपारची वेळ, ओहोटी लागलेली, त्यामुळे गल्लीत शिरल्यापासून खाडीच्या चिखलाचा वास. घर जुनं, पण फरशी नवी. चंद्रभागाकाकी उंबऱ्यातच बसली होती. साठी उलटलेली, हाडापेराने मोठी बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. मेघालीच्या वडिलांच्या धाकट्या भावाची ही बायको. घरात एकटीच राहायची. तो भाऊ, म्हणजे धाकू काका, मेघालीच्या जन्माआधीच गेला होता. मेघालीने मला एवढंच सांगितलं होतं. मग हे कुंकू कसं, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि मी तो गिळला. पहिल्या भेटीत माणसाने काय काय विचारायचं?

काकीला माझ्या हेडफोनचं फार नवल वाटलं. मी तिच्या कानांना लावून दिले, तर ती दचकली आणि मग हसायला लागली.

“अगो बाय! पल्याडच्या घरची कोंबरी चालतं त्ये पन आयकू येतं!”

“बारीक ऐकतं हे मशीन,” मी म्हणालो.

तिने निवट्यांचं, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या बारक्या माशांचं, कालवण करून ठेवलं होतं आणि भात चुलीवर होता. आधी काम, मग जेवण असं ठरलं. काकीचा आवाज मागाहून घ्यायचा होता, म्हणून ती आत भाताकडे गेली आणि मेघालीने गिटार जुळवली.

“एक गंमत दाखवते,” ती म्हणाली. “विठ्ठल आजा, मालन आजी, आवडाबाई. अशी तीन नावं येतात. मग एक ओळ सगळ्याजणी गप्प. ढोलकीसुद्धा थांबते. आणि एकदम पुढचं कडवं. लहानपणापासून असंच ऐकलंय.”

“का?”

“काय माहीत. गप्प बसायचं म्हणजे बसायचं. मी एकदा मध्ये बोलले तर फटका खाल्लेला.” तिने ती सुरावट नुसती वाजवून दाखवली. चार ओळींची जागा होती, नावं तीन. “बघ ना, कशी लंगडी पडते.”

मी माइक चालू केला. ती गायला लागली आणि मी, खरं सांगतो, डोळे मिटले. इतकं सुरेख ती आधी कधी गायली नव्हती. मांडव घातलाय, हळद वाटलीय, विठ्ठल आजा तू ये. मालन आजी तू ये. आवडाबाई तू ये. मग ती मुकी ओळ आली. आणि तिथे मेघाली थांबली नाही. त्याच सुरात, जराशी खाली उतरून तिने म्हटलं, धाकू काका तू ये.

स्वयंपाकघरात काही पडलं वगैरे नाही. काकी दारात येऊन उभी राहिली, एवढंच. हातात भाताचा डाव होता.

“कोनाचा नाव घेतलास गो?”

“काकी... धाकू काकाचं. ती ओळ रिकामी होती ना, म्हणून...”

“रिकामी नव्ती ती,” काकी म्हणाली. “मी धरून ठेवली व्हती.”

मग तिने सांगितलं, आवाज न चढवता. धाकू रात्रीच्या भरतीला खाडीत गेला तो परत आला नाही. “होरी मिलाली. जालां मिलाली. तो नाय मिलाला.” घरच्यांनी दिवस घाला म्हटलं, बांगड्या उतरव म्हटलं. तिने ऐकलं नाही. अंग सापडलं नाही, तर माणूस गेला कसा म्हणायचा? शेवटी सासूने तोड काढली. गाण्यात त्याची ओळ ठेवायची, पण नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं म्हणजे घराने त्याला मेलेल्यांत मोजलं. तेव्हापासून किती हळदी झाल्या, त्या ओळीला कोळीवाड्यातली एकही बाई बोलली नव्हती.

मेघाली रडायला लागली. मला तिची दया आली आणि रागही आला. घरातली गोष्ट, विचारायची तरी! पण त्या घरात त्याबद्दल कधी कुणी बोललंच नव्हतं, तर मेघाली विचारणार कुणाला?

“मी पुसून टाकतो, काकी,” मी म्हणालो. “एक बटण दाबलं की गेलं.”

“यंत्रातून पुसशील. आवतन पोचला त्याचा काय?”

तिने भिंतीला टेकलेला पाट घेतला, खोलीच्या मधोमध मांडला. समोर केळीचं पान ठेवलं, त्यावर भात आणि कालवण वाढलं. मग ती माझ्याकडे वळली.

“मेला असल त येल. जिता असल त येवाचा नाय. तुजा यंत्र बारीक आयकतं ना? मंग आयक आनि मना सांग.”

आमच्या धंद्यात एक साधी रीत आहे. गाणं झालं की सगळ्यांना गप्प करून मिनिटभर नुसती खोली टिपायची. प्रत्येक खोलीच्या शांततेला आपला एक आवाज असतो. नंतर गाण्याचे तुकडे जोडताना तो मधे भरायला लागतो. मी स्वतःला समजावलं की तेवढंच करायचंय. पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला, दार लोटलं, हेडफोन चढवले. काकी पाटाकडे बघत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

आधी नेहमीचंच होतं. पत्र्यावर कावळ्याची नखं. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. लांब रुळांवरून जाणारी गाडी. मग हे सगळं कमी कमी होत गेलं, कुणी एकेक दार लावत निघावं तसं. आणि पाणी ऐकू आलं. लाकडावर हलकेच आपटणारं पाणी... ओहोटी होती, खाडीचं पाणी पार लांब गेलेलं होतं.

मग चिखलातून पाय उपसल्याचा आवाज. एक. थांबला. दुसरा... गल्लीतून. मग उंबऱ्याशी. मग फरशीवर, ओला, सावकाश. मी डोळे उघडे ठेवून पाटाकडे बघत होतो. पाट रिकामा होता. तरी वजन पडल्यावर पाट करकरतो तसा तो माझ्या कानात करकरला, आणि कुणीतरी श्वास सोडला, दमून घरी आलेला माणूस सोडतो तसा.

माझा हात हेडफोनकडे गेला, पण काढवेना. कारण तो श्वास आता पाटावर नव्हता. तो माइकच्या अगदी जवळ होता.

“तिला...” तो म्हणाला. “तिला सांगू नुको.”

मी हेडफोन काढले. खोलीत ऊन होतं, भाताची वाफ होती, कावळा होता. काकीने डोळे माझ्यावरून हलवले नव्हते.

“काय आयकलंस?”

“काही नाही, काकी.”

“पाटावर?”

“पाटावर कोणी नाही.”

ती मटकन खाली बसली. आणि मोठ्याने हसली, हसता हसता रडली, मेघालीच्या पाठीत धपाटा घातला. “जिता हाय! सगल्यांना सांगत व्हते ना मी? जिता हाय तो!” एवढी खूश झालेली बाई मी पाहिली नाही. मला वाटलं, केलं ते बरं केलं.

मेघालीने डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, “काकी, मग शेवटचं कडवं म्हणू या ना? बोळवणीचं?”

“कोनी आयलाच नाय,” काकी पान उचलत म्हणाली, “त बोलवन कोनाची करू?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जो आलाच नाही त्याला परत कोण पाठवणार? आणि तो आला होता हे सांगायचं, तर तिच्या कपाळावरच्या कुंकवाला हात घालायचा. तो भात तिने कोंबड्यांना घातला आणि आम्हाला ताजा वाढला. मी जेवलो, पण काय जेवलो ते विचारू नका.

स्टेशनच्या वाटेवर मी मेघालीला सगळं सांगितलं. ती रस्त्यातच थांबली.

“मग सोडवायला पाहिजे रे त्याला. मी गाते बोळवण, तुझ्या स्टुडिओत.”

गायलीही, त्याच आठवड्यात. पण ज्या उंबऱ्यात आवतण दिलं त्याच उंबऱ्यात बोळवण लागते, हे तिला माहीत होतं आणि मलाही तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं. टिपलेलं ते मिनिट मी घरी पुन्हा पुन्हा ऐकलं. कावळा, कुकर, गाडी. पाणी नाही, माणूस नाही. उकाड्याने माझं डोकं फिरलं असेल, असं मी ठरवलं. ठरवलं की बरंच काही ठरतं.

निघताना काकीने अट घातली होती, गाणं पुन्हा तिच्याच घरी गायचं, मुकी ओळ मुकी ठेवून. दोनेक महिन्यांनी आम्ही परत गेलो. घर तेच, पण काकी बदललेली. अंगाने वाळली होती, तोंडावर मात्र तरतरी होती. केसांत अबोलीचा गजरा. घरात गारवा होता, भिंती हाताला ओलसर लागत होत्या. आमचं आगतस्वागत तिने नीट केलं. फक्त आम्ही काही विचारलं की उत्तर जरा उशिरा यायचं, दुसऱ्या कुणाचं बोलणं संपू द्यावं तसं.

मेघाली गायली, मागे काकीने सूर धरला. त्या ओळीला दोघी थांबल्या आणि काकीने समाधानाने मान हलवली.

“आता मिनिटभर कोणी बोलू नका,” मी म्हणालो. पंखा बंद केला, दार लोटलं. न टिपताच निघावं असं फार वाटत होतं, पण काम ते काम. काकी भिंतीला टेकून सुका जवळा निवडत बसली. मी हेडफोन चढवले.

या वेळी वाट बघावी लागली नाही. कानात लगेच बाईचा आवाज आला. खालच्या पट्टीत, लाडात, मधेच खुदकन हसणारा. बाजारात काय भाव होता, शेजारणीची सून कशी तोंडाळ आहे, पावसाआधी पत्रा बदलायला हवा. मधूनमधून ती थांबायची, समोरच्याचं ऐकायची आणि मग म्हणायची, “व्हय तं.” आवाज तरुण होता, पण काकीचाच होता.

मी समोर पाहिलं. काकी खाली मान घालून जवळा निवडत होती. बोटं हलत होती. ओठ मिटलेले होते.

मेघाली गिटारवर हात ठेवून निवांत बसली होती. तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

मी बघतोय हे काकीला कळलं असावं. तिची बोटं थांबली. तिने मान वर केली आणि माझ्याकडे सरळ पाहिलं, रागाने नाही, घरातल्या वडीलधाऱ्या बाईने बघावं तसं. कानातलं बोलणंही थांबलं. मग तोच तरुण आवाज, अगदी जवळून, मला म्हणाला,

“आमचा बोलना चाललाय, बाला. तू तुजा काम कर.”

काकीचे ओठ हलले नाहीत. ती पुन्हा जवळा निवडायला लागली, आणि मिनिट अजून भरायचं होतं.