राखून ठेवलेलं वाइल्ड कार्ड

निषाद मला पहिल्यांदा भेटला तो लिफ्टमध्ये, एकवीस वडापावांसकट.

ऑगस्ट २००९. हिंजवडीत बाहेर पावसाची सर, आत बंद लिफ्ट, आणि कागदी पुड्यांतून येणारा लसणाच्या चटणीचा वास... सोमवारी सकाळी काही न खाता निघालेल्या मुलीवर असा अन्याय कुणी करू नये. मी पुड्यांकडे बघत होते आणि तो माझ्याकडे.

"घे ना एक," तो म्हणाला. "शिक्षा आहे माझी."

"कसली?"

"आमची फॅन्टसी लीग आहे. इंग्लंडच्या फुटबॉलची. आठवड्यात जो शेवटचा येईल, त्याने सोमवारी सगळ्यांना वडापाव द्यायचे."

"आणि तू शेवटचा कसा आलास?"

"माझा कॅप्टन खेळलाच नाही." त्याने हातातल्या पुड्या सावरल्या. "पाय प्लास्टरमध्ये होता म्हणे त्याचा..."

मी इतकी हसले की सहावा मजला आला तरी दोघंही उतरलो नाही. "अरे, दहा दिवसांपूर्वी पेपरात आलंय ते! पाय मोडलेल्या माणसाला कुणी कॅप्टन करतं का?"

त्याने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. भिजलेले केस, चष्म्यावर थेंब, आणि डोळ्यांत मिश्कील काहीतरी. "तुला फुटबॉल कळतो?"

"मी कोल्हापूरची आहे," मी म्हटलं.

पुण्या-मुंबईच्या लोकांना या वाक्याचा अर्थ समजत नाही. आमच्याकडे तालमींच्या फुटबॉल टीमा असतात, आणि मॅच असली की अख्खी पेठ स्टेडियमच्या पायऱ्यांवर. माझे बाबा पंधरा वर्षं गोलकीपर होते. मी नीट बोलायला लागण्याआधी ऑफसाइडवरून भांडायला लागले, असं आई सांगते. निषाद नाशिकचा. त्याने फुटबॉल टीव्हीवरच पाहिला होता, पण वेड मात्र शंभर नंबरी.

त्याच दुपारी मी लीगची बाविसावी खेळाडू झाले.

लीग चालवायचा रफीक. पौडचा, वडिलांचं तिथे हार्डवेअरचं दुकान, आणि हा आमच्या ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर. चूक दिसली की सोडायची नाही, हा त्याचा धर्म. नियम त्याचेच. अकरा खेळाडू निवडायचे. ते खऱ्या सामन्यांत जसे खेळतील तसे आपल्याला गुण. कॅप्टनचे दुप्पट. आठवड्याला एकच खेळाडू बदलता येतो. टीम शनिवारी दुपारी बाराच्या आत रफीकला मेल करायची, आणि सोमवारी त्याची शीट येईपर्यंत कुणी काय बदल केलाय ते गुपित. शिवाय अख्ख्या मोसमात फक्त एकदाच वाइल्ड कार्ड. त्या आठवड्यात अकराच्या अकरा बदला, कुणी विचारणार नाही.

सगळ्यांची वाइल्ड कार्डं दिवाळीपर्यंत उडाली. निषादने आपलं जपून ठेवलं होतं. अजून दोनदा वडापाव आणावे लागले तरी काढलं नाही. "मे महिन्यात बघा," म्हणायचा, "ट्रॉफी समोर असेल ना, तेव्हा काढीन."

शुक्रवारी ऑफिस सुटलं की आम्ही त्याच्या बाइकवरून कासारसाईच्या धरणावर जायचो. तिथे गंगूबाईंची भज्यांची टपरी होती. पाण्याकडे तोंड करून बसायचं आणि आपापल्या वहीत टीम लिहायची, एकमेकांपासून लपवत. त्याने वही ओढली की मी मनगट धरायचे. मग वही राहायची बाजूला आणि मनगट त्याच्या हातात...

"दाखव ना, कोच," तो हळूच म्हणायचा.

"कॅप्टन सांगितला तर काय देशील?"

"माझी शेवटची भजी."

"कांदाभजी आहे की बटाट्याची?"

"बघ, इथेही हिशेब! प्रेमात माणूस आंधळं होतं म्हणतात."

"मी नाही झाले अजून. तू हो म्हण, मग होते."

तो हसून पाण्याकडे बघायचा. हो असंही म्हणायचा नाही, नाही असंही नाही. गार वारा सुटायचा, तो आपलं जर्किन माझ्या खांद्यावर टाकायचा, आणि मी मूर्खासारखी त्यालाच उत्तर समजायचे.

गंगूबाईंना मात्र असल्या जर्किनची भूल पडत नव्हती. एकदा तो हात धुवायला गेल्यावर चहाचा ग्लास माझ्यापुढे आपटत म्हणाल्या, "पोरी, एक इचारू? ह्यो दर शुक्करवारी येतोय, ग्वाड बोलतोय, समदं खरं. पर घरी सांगितलंय का त्यानं?"

"सांगणार आहे, मावशी."

"व्हय का? मंग सांगू दे की. त्वांड हाय न्हवं त्याला?"

दिवाळीत सांगणार होता, तेव्हा घरात पाहुणे होते. मग बहिणीचा साखरपुडा निघाला. मग अप्रेझल. आमची जात वेगळी होती आणि त्याची आई कडक होती, हे मला पहिल्या महिन्यातच सांगून झालं होतं. त्या आईला काहीही सांगून झालं नव्हतं.

फेब्रुवारीत एका बुधवारी बाबांचा फोन आला. सांगलीचं स्थळ होतं, मुलगा इंजिनिअर. पुढच्या आठवड्यात बघायला येतो म्हणत होते.

"जुईली, तुझ्या मनात कोण असंल तर आत्ता सांग," बाबा म्हणाले. "जात-बित मी बघत न्हाई. मी पाहुण्यांना नको म्हणून कळवतो. पण मागनं तमाशा नको."

असा बाप नशिबाने मिळतो. आणि त्या बापाला सांगायला माझ्याकडे एक नाव होतं, पण त्या नावाची परवानगी नव्हती. "रविवारपर्यंत थांबा," मी म्हटलं.

शुक्रवारी धरणावर मी वही काढलीच नाही.

"रविवारी बाबांना उत्तर द्यायचंय, निषाद."

सगळं ऐकून त्याच्या हातातली भजी हातातच राहिली. "इतक्या लवकर?"

"सहा महिने झाले."

"अगं, मी उद्या पहाटे नाशिकला चाललोच आहे. आईशी बोलायचंच आहे मला. पण एकदम कसं... जरा योग्य वेळ बघून—"

इथे मी चुकले, आणि ती चूक आमच्यासारख्या येड्यांनीच करावी. मी सरळ विचारायला हवं होतं, हो की नाही. पण आम्हाला सरळ बोलायची सवयच उरली नव्हती. रुसवे, लाड, माफी, सगळं लीगच्या भाषेत चालायचं. म्हणून मी म्हटलं, "ठीक आहे. पैज लाव. या आठवड्यात माझे गुण तुझ्यापेक्षा जास्त झाले, तर रविवारी रात्री आईला सांगायचं. तू जिंकलास, तर महिनाभर मी विषय काढणार नाही. बाबांचं काय ते मी बघीन."

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "चालेल."

"शब्द?"

"शब्द, कोच." आणि त्याने माझ्या तळव्यावर तळवा ठेवला. थोडा जास्तच वेळ ठेवला.

त्या रात्री पीजीमध्ये मी खुशीत होते, कारण त्याची टीम मला पाठ होती. तिघं जखमी, दोघांना त्यांच्या क्लबने बसवून ठेवलेलं. त्यातला एकच बदलता येणार. तो हरणार हे रफीकच्या वडिलांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकालाही सांगता आलं असतं. म्हणजे निषादलाही ठाऊक होतं. आणि तरी तो चालेल म्हणाला! मला वाटलं, त्याला हरायचंच आहे. आईसमोर उभं राहायला त्याला कुणीतरी मागून ढकलायला हवंय, एवढंच. मी उशीत तोंड खुपसून हसले.

शनिवारी संध्याकाळी घरमालकिणीच्या मालिकेच्या जाहिरातींमध्ये मी चॅनल बदलून सामने बघत होते. माझा कॅप्टन होता एका रडतखडत चाललेल्या टीमचा लांबडा स्ट्रायकर. सगळे हसायचे त्याला. त्या पठ्ठ्याने दोन गोल मारले. दुसरा गेला तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की मालकीणबाईंच्या हातातला शेंगांचा डबा सांडला. रविवारी माझ्या गोलकीपरने पेनल्टी अडवली. वहीत बेरीज केली, एकाहत्तर. अख्ख्या मोसमात माझे एवढे झाले नव्हते. निषादच्या जुन्या टीमचे गुण धरले, एक बदल धरून तीनदा मोजले. चाळीसच्या वर काही जाईनात.

रात्री नऊला मेसेज केला. "हरलास रे. आता शब्द पाळ."

 दहाला उत्तर आलं. "उद्या भेटून बोलू."

मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं, तो आईशेजारी बसलाय, शब्द जुळवतोय... मला फोनवर कसं सांगेल बिचारा! मी बाबांना फोन लावला. "उद्या सांगते बाबा. चांगलंच सांगते." बाबा हसले. माझ्या आवाजावरूनच त्यांना कळलं असावं.

सोमवारी मी अबोली रंगाचा ड्रेस घातला. निषाद पहाटेच्या गाडीने परस्पर ऑफिसला येणार होता. मी पोचले तेव्हा आमच्या मजल्यावर नेहमीचा सोमवार चालू होता. आर्सेनल क्लबचा भक्त मनीष रेफरीच्या सात पिढ्या उद्धरत होता, कुणी आपल्या कॅप्टनला शाप देत होतं, आणि लिव्हरपूलवाला रफीक खुर्चीवर उभा होता.

"शांतता! शीट पाठवलीय, बघा. जुईली एकाहत्तर, शाबास, दुसरा नंबर. आणि या आठवड्याचा राजा..." त्याने टेबल वाजवलं. "निषाद! अठ्ठ्याऐंशी! भावाने वाइल्ड कार्ड काढलं राव!"

एकच गलका झाला. मी शीट उघडली. निषादच्या नावापुढे वाइल्ड कार्डची पिवळी खूण, आणि खाली अकराच्या अकरा नवी नावं.

"मे महिन्यात काढणार होता ना?" मनीषने विचारलं.

"काय माहीत!" रफीक म्हणाला. "शनिवारी पावणेबाराला मेल आला, नाशिकच्या सायबर कॅफेतून. वर फोन करून विचारतोय, पोचला का, नक्की पोचला का. एवढी काय घाई होती, विचारा त्यालाच."

निषाद दारातच उभा होता. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. तो हसत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

जिन्यात गाठला मी त्याला. लिफ्टमधून नव्हतं जायचं मला त्याच्याबरोबर.

"जुई, ऐक... गेम होती गं."

"तुझ्यासाठी?"

"नाही, म्हणजे... रागावू नकोस ना."

"आईला काही बोललास?"

"आईचं बीपी वाढलंय. मी म्हटलं, आत्ता नको."

"म्हणून सायबर कॅफेत गेलास?" माझा आवाज वर चढला आणि कोल्हापूर बाहेर आलं. "काय माणूस हाईस रे तू! तीनदा शेवटचा आलास तरी ते कार्ड काढलं न्हाईस. ट्रॉफीसाठी राखून ठेवलंवतंस. आणि काढलंस ते कशासाठी? मी जिंकू नये म्हणून?"

तो कठड्यावरून बोट फिरवत राहिला. "मला फक्त एक महिना हवा होता."

"महिन्याने काय होणार होतं?"

  महिन्याची मुदत मागताना माणूस एखादी नवीन सबब तरी शोधतो. त्याच्याकडे तीही नव्हती.

मग तो म्हणाला, "माझं प्रेम आहे तुझ्यावर, जुईली."

सहा महिन्यांत पहिल्यांदा. पूर्ण वाक्य, नावासकट. डोळे भरले होते त्याचे. ते खोटं नव्हतं, आणि मला तेच सहन होईना. खोटं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. त्याचं माझ्यावर प्रेम होतं, आणि तरीही आईशी बोलायची वेळ येऊ नये म्हणून त्याने जवळचं सगळ्यांत मोलाचं पान उतरवलं होतं.

"माहितीये मला," मी म्हटलं, आणि खाली उतरले.

गेटपाशी आले तोच बाबांचा फोन.

"काय गं, काय ठरलं?"

"येऊ द्या सांगलीच्या पाहुण्यांना, बाबा. बघते. हो म्हणेनच असं नाही."

"आणि ते चांगलं काय सांगणार होतीस?"

"ते... राहू दे आता."

 बाबा घसा खाकरून म्हणाले, "एक आधीच सांगून ठेवतो. पोरगा बरा हाय, पण फुटबॉलमधलं त्याला काय म्हणता काय कळत न्हाई बघ."

"बरंय की," मी म्हणायला गेले, आणि तिथेच, दोन वॉचमन बघत असताना, मला रडू फुटलं.

बाबांनी फोन ठेवला नाही. काही विचारलंही नाही. त्यांच्या फोनचा बॅलन्स संपेपर्यंत ते तसेच लाइनवर थांबले.