खांद्यावरची थाप

देवाचं नाव घेणारी जीभ आहे माझी. तिनं मी खोटं बोलणार नाही. हे घडलं ते माझ्या मावसभावाच्या बाबतीत, आणि सांगताना तो माझा हात घट्ट धरून बसला होता.

रात्र नव्हती, बरं का. भर दुपार होती. ऊन लख्ख. खाली रस्त्यावर गाड्यांची ये-जा.

भुतं अंधाराची वाट बघतात, असं आपणच ठरवून टाकलंय.

माझा हा भाऊ एसी बसवतो. भिंतीवर खारीसारखा सरसर चढतो, म्हणून घरात सगळे त्याला खारूच म्हणतात. त्याचा जोडीदार म्हणजे त्याचे दाजी, थोरल्या बहिणीचा नवरा. खारू हलका, म्हणून बाहेर तो लटकणार. दाजी अंगानं दणकट, म्हणून आत दोर ते धरणार.

त्यांची पद्धत ठरलेली होती. दाजी खिडकीखालच्या भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसायचे. दोर कमरेभोवती घ्यायचे, टाचा जमिनीत रोवायच्या. खारूनं बाहेरून दोराला हिसका दिला, की दोर ताणून धरायचा. आणि काम उरकून खारू आत उतरला, की दाजींच्या खांद्यावर दोन थापा मारायचा.

थाप पडल्याशिवाय दोर सोडायचा नाही. इतकी वर्षं हा नियम कधी मोडला नव्हता.

पण त्या दिवशी दोघांत अबोला होता.

ताई भांडून आठवडाभर माहेरी येऊन बसली होती. सकाळी टेम्पोत सामान चढवताना खारूचा तोल सुटला. “माझ्या बहिणीला रडवणाऱ्याच्या हातात मी माझा दोर देतोय. माझंच डोकं फिरलंय!”

दाजींनी मान वर केली नाही. “चल, उशीर होतोय,” एवढंच म्हणाले.

घर पाचव्या मजल्यावर होतं. नुकतंच विकत घेतलेलं. खोल्या रिकाम्या, दोर बांधायला पलंगाचा पाय नाही की कपाटाची मूठ नाही. घरच्या काकू बाहेरच्या खोलीत एकुलत्या एका खुर्चीवर बसून होत्या. त्यांनी ट्रेमधून पाणी आणलं.

तीन ग्लास.

“काकू, आम्ही दोघंच आहोत,” खारू म्हणाला.

“अगं बाई! मग मघाशी आत गेला तो?”

“कोण?”

“तुम्ही जिन्यातून पेट्या आणत होतात ना, तेव्हा. तुमच्यातलाच वाटला मला. अनवाणी होता.”

खारूनं दोन्ही खोल्या बघितल्या. स्वयंपाकघर बघितलं. बाथरूमचं दारही ढकललं.

कुणी नव्हतं.

त्याला वाटलं, बाईंची नजर अधू असेल. दाजींना सांगून हसावं, असं मनात आलं... पण अबोला होता ना!

आतून पाइपसाठी भोक पाडलं. जमिनीवर सिमेंटची पांढरी भुकटी पसरली. मग खारूनं कमरेला पट्टा बांधला आणि खिडकीतून खालच्या छज्ज्यावर उतरला. छज्जा जेमतेम पाऊलभर रुंद.

ब्रॅकेटसाठी खुणा करायला त्यानं भिंतीवर हात फिरवला...

आणि थांबला.

जिथं खूण करायची, नेमकी तिथंच जुनी भोकं होती. सिमेंटनं बुजवलेली, वरून रंग दिलेली.

“काकू!” त्यानं खिडकीतून विचारलं. “इथं आधी एसी होता का?”

“छे हो, कोरी भिंत आहे ती.”

उत्तर जरा जास्तच लवकर आलं, असं त्याला वाटलं.

पण काम म्हणजे काम. जुनी भोकं सोडून त्यानं नवी पाडली. ब्रॅकेट ठोकले, बोल्ट आवळले. मग दोघांनी आउटडोर युनिट दुसऱ्या दोरानं सावकाश खाली सोडलं आणि ब्रॅकेटवर बसवलं. दाजी पुन्हा आपल्या जागी जाऊन बसले. खारूनं बाकीचे नट एकेक करून आवळले, त्यात बराच वेळ गेला. राहिला होता फक्त पलीकडचा शेवटचा नट. तो आवळायला पूर्ण अंग बाहेर झोकून द्यावं लागणार होतं.

खारूनं दोराला हिसका दिला.

आत काही क्षण काहीच नाही...

मग दोर ताणला गेला. घट्ट.

खारू झुकला. पाना नटाला लावला. आणि पायाखाली छज्ज्याची कड फुटली!

दोन्ही पाय हवेत. पाना खाली गेला. पट्टा कमरेत रुतला. पण दोरानं झेललं. बोटभरही सरकला नाही. खारू देवाचं नाव घेत तसाच लोंबकळत राहिला. ‘सकाळी काय वाटेल ते बोललो त्यांना,’ त्याच्या मनात आलं, ‘आणि बघा, माणसानं कसं धरलंय मला!’

पाना कुठं पडला म्हणून त्यानं खाली बघितलं.

खाली टेम्पोपाशी एक माणूस तांब्याच्या पाइपचं वेटोळं उतरवत होता. पाना शेजारीच आदळला, म्हणून त्यानं दचकून वर पाहिलं.

ते दाजी होते.

दाजी खाली रस्त्यावर.

आणि दोर ताणलेलाच.

खारूनं हळूहळू मान वळवून खिडकीकडे बघितलं. आतून आवाज नव्हता. दोर तेवढा खिडकीच्या कडेवर करकरत होता... कुणी जोर लावून, दम खात धरावा तसा.

आत जायला रस्ता एकच. त्याच दोरावरून.

खाली बघावं तर मरण. वर बघावं तर... काय, ते माहीत नाही. दोर धरून तो चढला. हात खिडकीच्या चौकटीला लागला मात्र, आणि दोर एकदम सैल पडला.

खोली रिकामी होती.

दोराचं टोक जमिनीवर मोकळं पडलेलं. कशालाच बांधलेलं नाही. भुकटीत दाजी बसल्याची रुंद खूण होती, बुटांची होती. आणि तिच्या शेजारी दुसरी खूण. अरुंद. तिच्यासमोर अनवाण्या टाचांचे दोन लांब ओरखडे...

भार पेलताना टाचा घसरतात ना, तसे.

दाजी धापा टाकत वर आले. खारूनं त्यांची गचांडीच धरली.

“मला लटकवून खाली गेलात? सकाळचा राग असा काढलात?”

“अरे, तूच थाप मारलीस!” दाजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. “दोन थापा. या खांद्यावर. मी दोर सोडला आणि पाइप आणायला उठलो.”

“वळून बघितलं का नाहीत?”

दाजींनी खांदा चोळला. मग हळूच म्हणाले, “तुझं तोंड बघायचं नव्हतं मला.”

काकू दारात उभ्या होत्या. खारूनं विचारलं, “या भिंतीवर आधी कोण चढलं होतं?”

“आम्ही घर घेतलं तेव्हा भिंत कोरीच होती,” त्या म्हणाल्या. पण हे सांगताना त्या खारूकडे बघत नव्हत्या. जमिनीवरच्या ओरखड्यांकडे बघत होत्या.

ताई घरी परतली. भांडण मिटलं. पण खारूच्या मनातला काटा निघेना. ओरखडे डोळ्यांनी बघितले होते, तरी वाटायचं, दाजी खोटं बोलत असतील तर? जीव ज्याच्या हाती सोपवायचा, त्याच्यावर संशय धरायचा म्हणजे रोज थोडं थोडं मरणं. त्यानं बाहेर लटकणंच सोडलं. आता दाजी बाहेर आणि तो आत. आणि तो खिडकीकडे पाठ करून बसत नाही. तोंड करून बसतो.

पुढं एकदा, दुसऱ्याच इमारतीत, तो असाच दोर धरून बसला होता. दाजी समोर काचेपलीकडे दिसत होते. भिंतीला चिकटून, घामाघूम, जाडेपणाला शिव्या देत.

तेवढ्यात खारूच्या खांद्यावर थाप पडली.

एक.

मग दुसरी.

खारूनं दोर सोडला नाही. मागं वळूनही बघितलं नाही. दाजी आत उतरेपर्यंत डोळे त्यांच्यावर रोखून बसला. दाजींनी त्याचा चेहरा बघितला. मग शर्टाचा खांदा बघितला. त्यावर सिमेंटची भुकटी होती. त्या दिवशी अजून एकही भोक पाडलं नव्हतं.

“दोन?” दाजींनी विचारलं.

खारूनं मान डोलावली. मग दाजींच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला.

संशय गेला. पण भीती गेली नाही. दोर सोडायला लावणारा तोच, आणि धरणाराही तोच? की ते दोघं निराळे आहेत? मला विचाराल तर कुणाचा दोर कुणाच्या हातात, हे वरच्यालाच ठाऊक, असं म्हणून मी हात जोडतो. खारूला तेवढ्यानं झोप येत नाही.

आता ते थाप मारत नाहीत. समोर येऊन, डोळ्यांत बघून “आलो” म्हणतात.

परवा दोघं आमचा जुना एसी बदलायला आले होते. मी दारातच पाणी पीत उभा होतो. बायकोनं त्यांच्यासाठी ट्रे आणला.

ग्लास तीन होते.

खारूनं माझ्याकडे बघितलं. मी माझ्या हातातल्या ग्लासकडे बघितलं.

बायकोला मी अजून काही विचारलेलं नाही.