गालावरचा तीळ

"अहो, माझा तीळ कुठे गेला?" पंचशीलाने फोटो काउंटरवर आपटला.

सिल्व्हर पार्कमधल्या फोटो स्टुडिओचा मालक उदय गडबडला. मुलगी फोटो काढते ती स्थळाला दाखवायलाच, हे त्याचं पक्कं गणित. ब्रशने तीळ घालवायचा, रंग जरा उजळ करायचा, आया खूश!

"मॅडम... छान दिसावं म्हणून—"

"पासपोर्टवर तीच खूण लिहिलीय! मी कॅनडाला कामाला चाललेय, नवरा शोधायला नाही. आहे तशी काढा."

उदय परत कॅमेऱ्यामागे गेला. बराच वेळ बाहेरच येईना.

"झालं का?"

"तीळ नीट यायला पाहिजे ना..."

ती हसली, आणि तिथेच सगळं बिघडलं. मग ती फोटो न्यायला आली, नंतर उगाचच येत राहिली. कॅनडाला निघताना म्हणाली, "माझ्यासाठी थांबशील?"

"थांबतो. पण परत ये हं."

टोरांटोत एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी राहून तिने त्यांचं सगळं केलं. नियमच तसा होता— आधी दोन वर्षं असं काम, मग कायम राहायचा आणि नवऱ्यालाही बोलवायचा हक्क. कधी उशीत तोंड खुपसून रडली, पण मागे फिरली नाही. सत्त्याण्णव साली हक्क मिळाला, तशी ती थेट उदयच्या घरी आली.

स्टुडिओमागच्या खोलीत लग्नाची बोलणी बसली. उदयच्या बहिणीचे यजमान, दाजी, उसळले. "पोरगा बायकोच्या जिवावर परदेशी जाणार? लोक तोंडात शेण घालतील! पोरी, ते कॅनडाचं सोड आणि इथेच संसार कर."

"दाजी, मी राबून मिळवलंय ते. कुणासाठी सोडणार नाही. उदयसाठीसुद्धा नाही."

बोलून गेली, पण जीव उदयच्या तोंडाकडे लागला होता. हा माणूस गमावला तर... तो उठला आणि पडदा सारून स्टुडिओत गेला.

पडद्यापलीकडे दिवे लागले.

"मॅडम, जरा येता का?"

उदय गिऱ्हाइकाच्या स्टुलावर ताठ बसला होता. "पासपोर्टचा फोटो काढा. बायकोच्या मागे कॅनडाला जायचंय."

"अरे, लाज धर!" आतून दाजी ओरडले.

"नाही धरत, दाजी!" मग हळूच तिला, "भुवईवरचा व्रण तेवढा घालवाल ना?"

तिने भरल्या डोळ्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावला.

"मुळीच नाही. मला तू आहेस तसाच पाहिजेस."