एकटी पडलेली कुंडी

"रोग कसा पसरतो याचं तुमचं मॉडेल चुकलं, एवढं लिहून द्या आणि विषय मिटवा," संचालक म्हणाले. "औषधाचे खरेदीदार बाहेर बसलेत. नाहीतर राजीनामा द्या."

"मॉडेल चुकलेलं नाही. कुंड्या कुणीतरी हलवल्यात!" गणितवाली हटून बसली. म्हणूनच तर तिनं गुप्तहेर वहिनींना बोलावलं होतं. सोबतचे दीर दिवसभर 'वहिनी, वहिनी' करत, म्हणून सगळं जग त्यांना वहिनीच म्हणे.

काचघरातल्या लांब टेबलावर कुंड्या पटावरच्या घरांसारख्या खेटून मांडलेल्या. अर्ध्या भागावर संस्थेतल्या डॉक्टरांनी शोधलेलं नवं औषध फवारलेलं. तिथली रोपं टवटवीत. उरलेल्या भागात पिवळी पडलेली रोपं, इकडे एक, तिकडे एक.

"मॉडेल काय म्हणतं? भावजींना कळेल असं सांगा," वहिनी गणितवालीला म्हणाल्या.

"एक कुंडी म्हणजे एक घर. घर आजारी किंवा निरोगी, मधलं काही नाही. हा रोग पानाला पान लागूनच पसरतो. शेजारी आजारी असेल तरच आपण आजारी."

"रोगानं उडी मारली!" डॉक्टर हसले. "झाडांना गणित येत नाही, बाई. माझं औषध बघा. पानाखाली असा पांढरा थर धरतं, की धुतला तरी जात नाही."

"काचघराची किल्ली कुणाकडे?"

"माझ्याकडे आणि माळीबुवांकडे," डॉक्टर म्हणाले.

माळीबुवांचा उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. "मी डाव्या हातानं पाण्याची नळी धरतो, बस. कुंडी उचलायला दोन हात लागतात हो."

भावजी पुटपुटले, "मग रोगानंच उडी मारली असणार."

"तुम्ही नका मारू, भावजी."

वहिनींनी एका पिवळ्या रोपाचं पान उलटलं. मग डॉक्टरांच्या भागातलं एक हिरवं. आणि वळल्या.

"या कुंडीचे चारही शेजारी धडधाकट. म्हणजे ती इथे आजारी पडलेलीच नाही. मग कुठे? पानाखाली पांढरा थर आहे, म्हणजे फवारलेल्या भागात. आणि तिथलं हे हिरवं पान बघा, खालून स्वच्छ! औषध फसलं, तेव्हा पिवळ्या कुंड्या इकडे आल्या, हिरव्या तिकडे गेल्या. खरं वाटावं म्हणून पिवळ्या विखरून ठेवल्या, आणि तिथेच गणितानं पकडलं. किल्ल्या दोन. एका किल्लीवाल्याला कुंडी उचलवत नाही. उरलं कोण, डॉक्टर?"

डॉक्टर खिशात रुमाल शोधू लागले.

संचालक गणितवालीकडे वळले. "बरं, तुमची नोकरी राहील. पण ही गोष्ट इथल्या इथे राहू दे."

गणितवालीच्या घरी लहान पोर होतं. गप्प बसलं की सगळं जागच्या जागी.

"नाही राहणार," ती म्हणाली आणि तिनं दार सताड उघडलं. "या हो, आत या. काय विकत घेताय ते एकदा बघून घ्या."